गाव हलवण्याचा हुकूम: मिझो टेकड्या, १९६७

१९६७ च्या जानेवारीपासून पुढची तीनेक वर्षं तेव्हाच्या आसाममधल्या मिझो हिल्स जिल्ह्यात, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये, लष्कराने शेकडो गावं उठवली आणि तिथल्या माणसांना मोजक्या केंद्रांत आणून ठेवलं. जिल्ह्याच्या लोकसंख्येतली दर पाचांतली जवळजवळ चार माणसं यात हलली. भारतापासून फुटायला निघालेल्या मिझो बंडखोरांना लोकांपासून तोडायचं, एवढाच यामागचा हिशोब होता. हा हिशोब कुठे जमला आणि कुठे फसला, हे पाहण्यासाठी या लेखात एका गावाच्या एका रात्रीकडे जवळून बघितलं आहे. ती हकिकत गाव हलवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने स्वतः एका सनदी अधिकाऱ्याला सांगितली आणि त्याने ती लिहून ठेवली. गावाचं आणि त्या अधिकाऱ्याचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. हेच इतरही गावांत झालं, त्यामुळे नावाने फारसा फरक पडत नाही.

पार्श्वभूमी

सुमारे एकवीस हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश आहे. उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगरांच्या रांगा एकीला लागून एक, आणि मध्ये खोल नद्या. पश्चिमेला तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, पूर्वेला ब्रह्मदेश. १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या होती २,६६,०६३. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी माणसं एवढ्या मोठ्या डोंगराळ मुलखात विखुरलेली. सिलचरहून ऐजॉलमार्गे लुंगलेईकडे जाणारा एकच काय तो नाव घेण्याजोगा रस्ता.

गनिमी कावा म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घाट, खिंड आणि किल्ला येतो. इथे किल्ला वेगळा नव्हताच, कारण गावंच डोंगराच्या धारेवर होती. पाणी आणि शेत खाली उतारावर, घरं वर. गावातून दोन्ही बाजूंच्या दऱ्या दिसत, आणि खालून येणारी पलटण गावात पोचायच्या कितीतरी आधी गावाला कळत असे.

शेती झूमची. आपल्याकडे सह्याद्रीत आदिवासी करायचे त्या दळी किंवा कुमरीसारखी: उतारावरचं जंगल तोडायचं, जाळायचं, राखेत भात पेरायचा, एक-दोन हंगामांनी तो तुकडा सोडून दुसरा धरायचा. सोडलेल्या जमिनीवर पुन्हा जंगल वाढायला बरीच वर्षं द्यावी लागतात. म्हणून गावं लहान आणि दूरदूर असत. विखुरलेपणा ही त्या शेतीची गरजच होती. पुढचं सगळं समजून घ्यायला ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

बंडाचं मूळही धान्यातच होतं. या टेकड्यांतला बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो. त्याचं बी खाऊन उंदरांची संख्या बेसुमार वाढते, आणि बी संपलं की उंदीर भाताच्या शेतांत आणि कोठारांत घुसतात. मिझो लोक याला 'माऊताम' म्हणतात. १९५८ मध्ये मिझो जिल्हा परिषदेने आसाम सरकारला आधीच कळवलं होतं की दुष्काळ येणार आहे, तयारीसाठी १५ लाख रुपये द्या. सरकारने ती आदिवासींची भाबडी समजूत मानून बाजूला सारली. १९५९ मध्ये बांबू फुलला आणि दुष्काळ पडला. गावोगाव तांदूळ पोचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या 'मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट' या संघटनेने २२ ऑक्टोबर १९६१ रोजी नावातला 'फॅमिन' शब्द काढला आणि ती 'मिझो नॅशनल फ्रंट' (एमएनएफ) हा राजकीय पक्ष झाली. तिचा नेता लालडेंगा. जी पोरं पाठीवर तांदळाची पोती घेऊन गावात आली होती, तीच आता स्वतंत्र देशाची गोष्ट करत होती. गावाने त्यांना ओळखायला वेगळा पुरावा मागितला नाही.

पेच

१ मार्च १९६६ ला एमएनएफने स्वातंत्र्याची घोषणा केली. त्याआधीच्या रात्रीपासून ऐजॉल, लुंगलेई, चम्फाई इथल्या ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले झाले. ऐजॉलची तिजोरी लुटली गेली, आसाम रायफल्सच्या छावणीला वेढा पडला. हेलिकॉप्टरने कुमक उतरवण्याचा प्रयत्न गोळीबारामुळे फसला. ५ मार्चला भारतीय वायुदलाच्या विमानांनी ऐजॉलवर मारा केला, शहराचा मोठा भाग जळाला. स्वतःच्याच देशातल्या शहरावर वायुदल वापरल्याचं दुसरं उदाहरण आपल्याकडे नाही.

महिना संपेपर्यंत ठाणी परत मिळाली, पण प्रश्न सुटला नाही. एमएनएफची माणसं गावांत आणि जंगलात पांगली. रस्त्याने जाणाऱ्या ताफ्यांवर छापे पडू लागले. त्यांना अन्न, निवारा आणि बातमी गावातून मिळे. अंगावर आलंच तर सीमा ओलांडून चितगावच्या डोंगरात जायचं, तिथे पाकिस्तानच्या आश्रयाने तळ होते.

गावकरी दोन्हीकडून कात्रीत सापडले. रात्री भूमिगतांनी तांदूळ मागायचा, दिवसा पलटणीने 'कोणाला दिला' म्हणून विचारायचं. पूर्व विभागाचे प्रमुख तेव्हा लेफ्टनंट जनरल सॅम माणेकशॉ होते. त्यांच्यापुढचा पेच साध्या शब्दांत मांडायचा तर असा: जंगलात शोधायला गेलं तर बंडखोर सापडत नाही, आणि गावात सापडला तर तो कोणाचा तरी भाऊ किंवा भाचा असतो.

समोरचे पर्याय

मोठ्या तुकड्या घेऊन डोंगर विंचरत जाणं हा पहिला पर्याय. तो करून बघितला जात होता आणि हाती फार लागत नव्हतं. दुसरा, सीमा बंद करणं. त्या जंगलात ते कागदावरच शक्य होतं. तिसरा पर्याय बोलणी. चर्चच्या धर्मगुरूंनी १९६६ मध्येच मध्यस्थीचे प्रयत्न सुरू केले होते आणि दोन्ही बाजूंना त्यांचा शब्द मानावा लागे. पण वर्षभरापूर्वी पाकिस्तानशी युद्ध झालेलं, चीनकडून झालेला पराभव ताजा. भारतापासून फुटायची भाषा करणाऱ्यांशी तेव्हा बोलायला बसणं दिल्लीत कोणाला परवडणारं नव्हतं.

चौथा पर्याय ब्रिटिशांकडून उसना आला. मलायात १९५० पासून लेफ्टनंट जनरल ब्रिग्ज यांच्या योजनेनुसार ब्रिटिशांनी सुमारे पाच लाख माणसं, मुख्यतः जंगलाच्या कडेला राहणारे चिनी वंशाचे लोक, तारेच्या कुंपणातल्या 'नव्या गावां'त हलवली होती. तिथलं कम्युनिस्ट बंड पुढे मोडलं. नागा टेकड्यांतही १९५० च्या दशकात असा प्रयोग थोड्या प्रमाणात होऊन बंद पडला होता. यातल्या मलायाचं उदाहरण उचललं गेलं, नागांचं नाही.

इथे पहिला निर्णायक क्षण आहे. मलायात हलवलेली माणसं ज्या जमिनीवर राहत होती तिचा कागद त्यांच्याकडे नव्हता, तो नव्या गावात मिळाला. म्हणजे काही गमावलं, पण काही हातातही आलं. शिवाय ती देशातल्या एका समाजातली माणसं होती, बहुसंख्य मलय समाज त्या बंडाच्या बाहेर होता. मिझो टेकड्यांत यातलं काहीच लागू नव्हतं. जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि 'बंडखोरांचा समाज' व 'उरलेला समाज' अशी रेघ मारायला जागाच नव्हती. यंग मिझो असोसिएशनची शाखा गावोगाव, चर्च गावोगाव, नाती डोंगराच्या प्रत्येक धारेवर. लोकांना बंडखोरांपासून वेगळं काढायचं, तर आधी ते वेगळे असायला हवेत.

केलं काय

४ जानेवारी १९६७ पासून पहिला टप्पा सुरू झाला. सिलचर–ऐजॉल–लुंगलेई रस्त्याच्या आसपासची १०६ गावं उठवून १८ केंद्रांत बसवली गेली. सरकारी नाव मोठं छान होतं: 'संरक्षित आणि प्रगतिशील गाव' (प्रोटेक्टेड अँड प्रोग्रेसिव्ह व्हिलेज). शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी सगळं मिळेल असं सांगण्यात आलं. लष्कराच्या बोलण्यात ते 'पीपीव्ही' झालं, मिझोंच्या बोलण्यात 'खॉखॉम'. या टप्प्याला भारत संरक्षण नियमांचा आधार घेतला होता.

केंद्राभोवती कुंपण, दारावर पहारा, प्रत्येकाला ओळखपत्र, हजेरी, रात्री संचारबंदी. शेतावर जायचं तर ठरलेल्या वेळी बाहेर पडायचं आणि ठरलेल्या वेळी परत यायचं. धान्य सामाईक कोठारात, तिथून कुटुंबाला मोजून शिधा. घरात जास्तीचं सापडलं की ते भूमिगतांसाठी ठेवलंय असा संशय. केंद्रांवर नागरी प्रशासक नेमले गेले, पण सूत्रं लष्कराच्या हातात राहिली.

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट माहीत असायला हवी. ऐजॉलवर विमानं गेली तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. गावं हलवायला सुरुवात झाली तेव्हा तेच गृहमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीबद्दल आपण इतकं बोलतो, पण मिझो टेकड्यांचा विषय त्यात सहसा निघत नाही.

एका गावातली रात्र

अधिकारी आपली तुकडी घेऊन सकाळी दहाच्या सुमारास गावात पोचला. गाव सुखवस्तू होतं, या भागात इतकं संपन्न गाव आपण पाहिलं नव्हतं असं तो सांगतो. भाताची कोठारं भरलेली, कोंबड्या-डुकरं मुबलक, माणसं धडधाकट, नीटनेटकी. हंगाम नुकताच घरात आला होता.

हुकूम असा होता: लोकांना उचलता येईल तेवढं सामान घ्यायला लावायचं आणि संध्याकाळी सातला त्यांच्याच हाताने गाव पेटवायला लावायचं. नेता येणार नाही ते धान्य जाळायचं, म्हणजे ते बंडखोरांच्या तोंडी लागणार नाही.

धान्य जाळणं मात्र त्याला जमेना. त्याने ग्रामपरिषदेच्या अध्यक्षाला बोलावून सांगितलं की तीन तासांत जास्तीचं धान्य डोंगरातल्या गुहांत लपवा, काही दिवसांनी पहाऱ्यात येऊन घेऊन जाता येईल. गावाने ते सफाईने लपवलं.

या निर्णयाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ज्या अधिकाऱ्याला बंडखोरांची रसद तोडायला पाठवलं, त्यानेच पोती भरून रसद जंगलात ठेवू दिली. योजनेच्या दृष्टीने ही सरळ आज्ञाभंगाची गोष्ट. पण त्याला समोर दिसत होतं ते वरच्या कार्यालयातल्या नकाशावर दिसत नव्हतं: हे धान्य जळालं तर उद्या ही माणसं खातील काय, आणि ज्याने ते जाळलं त्याच्याबद्दल पुढे काय वाटेल. आणखी एक. ते धान्य कुठे आहे हे लष्करालाही माहीत होतं आणि गावालाही. त्या तीन तासांपुरता का होईना, दोघांमध्ये विश्वासाचा एक व्यवहार झाला. योजनेत अशा व्यवहाराला जागा ठेवलेली नव्हती.

अंधार पडला. घरं पेटवायला कोणीच बाहेर येईना. जवानांना घराघरांत घुसून माणसं बाहेर काढावी लागली. तरीही स्वतःचं घर पेटवायला एकही हात पुढे झाला नाही. शेवटी अधिकाऱ्याने स्वतः पहिलं घर पेटवलं, मग जवानांनी बाकीची. बायका आक्रोश करत, शिव्याशाप देत होत्या. पुरुष मात्र गप्प, त्यांच्या तोंडून हुंकारही नाही. एक लहान मुलगी जळत्या घरात धावत शिरली आणि हातात मांजराचं पिल्लू घेऊन बाहेर आली. मग पुढे जवान, मध्ये गाव, मागे जवान अशी रात्रभर पायपीट. पंधरा मैल जंगलातून चालून सकाळी केंद्र आलं.

तिथे दुसरा हुकूम पूर्ण करायचा होता. अध्यक्ष आणि वडीलधाऱ्यांपुढे दोन कागद ठेवले गेले. एकात लिहिलं होतं की बंडखोरांच्या जाचाला कंटाळून आणि गावात सोयी नाहीत म्हणून आम्ही स्वेच्छेने केंद्रात येण्याची मागणी केली. दुसऱ्यात लिहिलं होतं की गाव आम्हीच जाळलं, कोणी बळजबरी केली नाही. त्यांनी सही नाकारली. तासाभराने एकेकाला आत बोलावलं गेलं. टेबलावर भरलेलं रिव्हॉल्व्हर, कोपऱ्यात स्टेनगन घेतलेले दोन जवान. दोन्ही कागदांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या.

परिणाम

लष्करी कसोटी लावली तर पहिल्या टप्प्याने काही काम नक्की केलं. रस्ता बऱ्याच अंशी मोकळा झाला. एमएनएफला गावात उघड तळ ठोकणं अवघड झालं, त्यांची माणसं जंगलात उपाशी पडू लागली आणि सीमेपलीकडे सरकली. हे नाकारण्यात अर्थ नाही. ही योजना निव्वळ क्रौर्य म्हणून मोडीत काढणारे एवढा भाग सोडून देतात, आणि मग तीच योजना पुन्हा कोणाला का सुचते हे त्यांना कळत नाही.

पण याच यशाच्या जोरावर ती पसरवली गेली. पुढच्या टप्प्यांत रस्त्यापासून दूरची गावंही उठवली गेली, त्यासाठी आसामचा सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा वापरला. आणि इथे झूमने आपला हिशोब चुकता केला. पाच-सात गावांची माणसं एका जागी बसवली की संध्याकाळच्या हजेरीपर्यंत जाऊन येता येईल एवढ्याच अंतरात सगळ्यांना शेत हवं. तेवढा उतार नव्हताच. होता तो लवकर लवकर फिरवल्याने पिकेना. दूरचे जुने तुकडे रान होऊन गेले. कोठारं भरलेली असणारी माणसं सरकारी शिध्यावर आणि रस्त्याच्या मजुरीवर आली. दुष्काळात सरकारने हात आखडल्याचा राग धरून जे बंड सुरू झालं, ते मोडायला सरकारने लोकांचं धान्य स्वतःच्या कुलपात घेतलं. याहून उलटा डाव आखायचा म्हटला तरी आखता आला नसता.

समाजावरचा घाव वेगळाच. गावाची ग्रामपरिषद, गावचं चर्च, गावच्या तरुणांची मंडळी हे सगळं गावाच्या नावावर उभं असतं. दहा गावं एकत्र कोंबल्यावर कोणाचं कोण ऐकणार? काही केंद्रांवर वेठीने हमालीही करावी लागे. 'तुमच्या रक्षणासाठी' असं सांगून आणलेल्या माणसांना आपण कैदेत आहोत हे कळायला वेळ लागला नाही.

प्रकरण गौहाटी उच्च न्यायालयात गेलं आणि १९७० मध्ये पुढची गावं हलवणं थांबलं. त्यानंतर एमएनएफला जो खरा फटका बसला तो गावांतून आला नाही. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तान संपला आणि चितगावच्या डोंगरातले तळ गेले. बंडखोरांना ब्रह्मदेशातल्या आराकानच्या जंगलात पांगावं लागलं. सीमेपलीकडच्या जमिनीचं मोल किती होतं ते या एका हिवाळ्यात दिसलं. २१ जानेवारी १९७२ ला मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला.

तरीही बंड संपलं नव्हतं. १३ जानेवारी १९७५ ला ऐजॉलमध्ये पोलीस मुख्यालयात शिरून पोलीस महानिरीक्षक, उपमहानिरीक्षक आणि अधीक्षक अशा तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. कुंपणं घालायला सुरुवात झाल्यावर आठ वर्षांनी, राजधानीच्या मध्यात. त्याच काळात लष्करातून निवृत्त झालेले मिझो ब्रिगेडियर टी. सायलो यांनी मानवी हक्क समिती काढून लोकांवरच्या अत्याचारांच्या तक्रारी सनदशीर मार्गाने मांडायला सुरुवात केली. पुढे त्यांचा पक्ष निवडून आला आणि ते मुख्यमंत्री झाले. राग व्यक्त करायला जंगलाखेरीज दुसरी जागा तयार झाली, हा या सगळ्या काळातला मला सर्वांत महत्त्वाचा बदल वाटतो.

३० जून १९८६ ला मिझो करार झाला. लालडेंगांसोबत केंद्राच्या वतीने सही केली ती गृहसचिव राम प्रधान यांनी, महाराष्ट्र केडरचे अधिकारी आणि एकेकाळी यशवंतराव चव्हाणांचे खासगी सचिव. तो त्यांचा निवृत्तीचा दिवस होता. लालडेंगा मुख्यमंत्री झाले, एमएनएफचे लोक शस्त्रं ठेवून परतले, आणि २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम राज्य झालं. करार टिकला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी १९५८ ची होती. १५ लाख रुपये आणि उंदरांबद्दल सांगणाऱ्या माणसांवर विश्वास, एवढंच लागलं असतं. २००७ च्या आसपास बांबू पुन्हा फुलला तेव्हा राज्य सरकारने आधीपासून योजना आखली, उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं, आलं-हळदीसारखी पिकं घ्यायला लावली. नुकसान झालंच, लोकांचे हाल झाले, तरी बंड झालं नाही.

दुसरी संधी पहिल्या टप्प्यानंतरची. रस्त्याकाठची १८ केंद्रं हा निदान एक मर्यादित लष्करी उपाय होता. तिथेच थांबून, दोन हंगाम भाताचं काय होतंय ते पाहून पुढचं ठरवता आलं असतं. शेतीची गणितं माहीत असलेला माणूस योजना आखताना टेबलावर असता तर 'एका केंद्रात किती माणसं' हा प्रश्न पहारा किती लागेल यावरून ठरला नसता, उतार किती आहे यावरून ठरला असता. बस्तरमध्ये २००५ नंतर सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात गावं रिकामी करून लोकांना रस्त्याकाठच्या छावण्यांत आणलं गेलं तेव्हाही हा प्रश्न कोणी विचारल्याचं दिसलं नाही. इंद्रावतीच्या अलीकडे, गडचिरोलीत, हा मार्ग धरला गेला नाही. दोन्हीकडच्या गेल्या वीस वर्षांची तुलना कोणी नीट करायला हवी.

बोलणी १९६७ मध्येच झाली असती तर वीस वर्षं वाचली असती, असं म्हणायचा मोह होतो. मला ते तितकं सरळ वाटत नाही. चितगावचे तळ हातात असताना लालडेंगा राज्याच्या दर्जावर समाधान मानते का, याची शंकाच आहे. पण धर्मगुरूंची वाट उघडी ठेवायला काहीच खर्च नव्हता.

आणि ते दोन कागद. खालून 'लोक स्वेच्छेने आले' असं लिहून गेलं की वरच्याला योजना चुकतेय हे कळायचा रस्ताच बंद होतो. सही घेण्याची अट ठेवायचीच होती तर ती लष्कराच्या तंबूत न ठेवता, केंद्रावरच्या नागरी प्रशासकासमोर, चर्चच्या कोणा वडीलधाऱ्याच्या हजेरीत ठेवता आली असती. सही नाकारलेल्या गावांची यादी तरी त्यातून तयार झाली असती, आणि पुढचा टप्पा मंजूर करणाऱ्यांना ती वाचावी लागली असती.